तार न जोडलेल्या रोटरमध्ये करंट येतो कुठून?

वाचकाचे पत्र : “बडोद्यात दांडिया बाजारच्या मागच्या गल्लीत माझे मोटर रिवाइंडिंगचे दुकान आहे. आयटीआय करून बावीस वर्षे हेच काम करतो आहे. मुलगा बारावी सायन्सला आहे, माध्यम गुजराती. ‘विद्युतचुंबकीय प्रेरण’ या धड्याच्या चाचणीत त्याला २५ पैकी ७ गुण मिळाले. सूत्रे पाठ आहेत, पण गणितात चिन्ह चुकते आणि दिशा विचारली की तो अंदाजाने लिहितो. क्लासमधले सर म्हणाले, वजा चिन्ह नुसते लक्षात ठेव, कारण कोणी विचारत नाही. मागच्या आठवड्यात तो दुकानात बसला होता, समोर मोटर उघडलेली होती, बाहेरचा स्थिर भाग म्हणजे स्टेटर आणि आतला फिरणारा रोटर. त्याने विचारले, ‘बाबा, स्टेटरला आपण तारा जोडतो, पण रोटरला एकही तार जात नाही. मग त्याच्यात करंट येतो कुठून?’ मी म्हणालो, ‘येतो.’ तो काही न बोलता उठून गेला. ते माझ्या मनातून जात नाही. त्याला दुसरा क्लास लावावा का? फी जड जाईल, पण लावेन. आणि माझ्यासारख्या माणसाला त्याला हा धडा शिकवता येईल का?”

सप्रेम नमस्कार.

आपल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आधीच देतो, म्हणजे बाकीचे शांतपणे वाचता येईल. दुसरा क्लास आत्ता लावू नये. आणि हा धडा आपल्याला शिकवता येईल. या एका धड्यापुरते आपल्या दुकानात जे सामान पडलेले आहे, ते बडोद्यातल्या कुठल्याही क्लासच्या खोलीत नसेल. मात्र शिकवणे म्हणजे समोर बसवून समजावून सांगणे, असा अर्थ आपण घेतला असेल, तर तो थोडा बाजूला ठेवावा लागेल.

आपल्या मुलाचा प्रश्न मी पुन्हा पुन्हा वाचला. मी तीस वर्षांहून अधिक काळ अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवले, आणि इतक्या नेमक्या शब्दांत हा प्रश्न फार थोड्या मुलांनी मला विचारला. ज्याला असा प्रश्न पडतो, त्याचे विषयाशी वैर नसते. आपले पाऊल नेमके कुठे अडते आहे हे त्याला दिसलेले असते. आपण ‘येतो’ म्हणालात, त्यातही खोटे काही नव्हते. तो करंट रोज आपल्या डोळ्यांदेखत येतो. फक्त उत्तर त्या शब्दापाशी थांबायला नको होते.

चिन्ह चुकणे आणि दिशेचा अंदाज करणे, या दोन खुणांवरून त्याची अडचण माझ्या ओळखीची वाटते. बहुतेक मुलांच्या मनात असे बसलेले असते की चुंबक जवळ आला की तारेत वीज येते आणि चुंबक जितका जोरदार तितकी ती जास्त येते. सूत्र पाठ केले तरी ही समजूत खाली तशीच राहते, कारण सूत्रातल्या ‘बदल’ या शब्दाकडे लक्षच गेलेले नसते. कॉइलमधून कितीही मोठा फ्लक्स, म्हणजे चुंबकाच्या रेषांचा एकूण पुंजका, जात असो, तो जोवर स्थिर आहे तोवर कॉइलमध्ये काहीही उत्पन्न होत नाही. फ्लक्स वाढत असतो किंवा कमी होत असतो, तेवढाच वेळ व्होल्टेज असते, आणि बदल जितका झपाट्याने होतो तितके ते जास्त असते. संपूर्ण धडा या एका गोष्टीवर उभा आहे.

ही चूक मोठमोठ्यांना चकवून गेलेली आहे. १८२० साली डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी दाखवले की वीज वाहणाऱ्या तारेजवळ ठेवलेली होकायंत्राची सुई वळते. विजेपासून चुंबकत्व मिळत असेल, तर चुंबकापासून वीजही मिळाली पाहिजे, असे त्यानंतर युरोपात अनेकांना वाटू लागले. जिनिव्हाच्या कोलाडॉन यांनी १८२५ मध्ये मोठी कॉइल केली, तिच्यात जोरदार चुंबक घातला, आणि चुंबकाचा परिणाम सुईवर थेट होऊ नये म्हणून गॅल्व्हानोमीटर (करंट दाखवणारा सुईचा मीटर) शेजारच्या खोलीत ठेवला. चुंबक घालून ते त्या खोलीत चालत जाईपर्यंत सुई हलून पुन्हा शून्यावर आलेली असे. चुंबक आत आहे म्हणजे करंटही सुरू असणार, असे गृहीत धरल्यामुळे तो शोध त्यांच्या हातून निसटला. आपला मुलगा आज नेमका त्या दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभा आहे.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये २९ ऑगस्ट १८३१ रोजी मायकेल फॅरेडे यांना ती हालचाल दिसली. सुमारे सहा इंच व्यासाच्या लोखंडी कड्याच्या दोन बाजूंवर त्यांनी दोन वेगवेगळी वाइंडिंगे केली होती. एका बाजूला बॅटरी जोडताच दुसऱ्या बाजूची सुई हलली आणि लगेच जागेवर आली. बॅटरी तोडताच ती उलट दिशेने हलून पुन्हा स्थिर झाली. मधल्या सर्व वेळात, बॅटरी जोडलेली असूनही, सुई निश्चल होती. हे कडे म्हणजे आपण स्टॅबिलायझरसाठी भरता त्या ट्रान्सफॉर्मरचा पूर्वज. त्या काळी एनॅमल केलेली तार मिळत नव्हती, म्हणून त्यांनी तारेच्या थरांमध्ये कापड आणि दोरा घालून इन्सुलेशन केले. तेच काम आपण लेदरॉइड पेपरने आणि स्लीव्हने करता. नळीवरच्या कॉइलमध्ये चुंबक आत-बाहेर करण्याचा प्रयोग पुढे १७ ऑक्टोबरला झाला. फॅरेडे लोहाराचे पुत्र होते, बुकबाइंडरकडे उमेदवारी करत वाढले आणि गणिताचे औपचारिक शिक्षण त्यांना मिळाले नव्हते. त्यांनी सगळा विचार चुंबकाच्या रेषांच्या चित्रांत केला. त्याला गणिताची भाषा नंतर मॅक्सवेल यांनी दिली. हे मी आपल्याला धीर देण्यासाठी सांगत नाही. हा धडा ज्या वाटेने शोधला गेला ती वाट हाताची आणि डोळ्यांची होती, आणि आजही तो त्याच वाटेने सर्वांत लवकर कळतो, म्हणून सांगतो.

आता दुकानात काय करावे ते सांगतो. ३६ गेजची एनॅमल तार घेऊन अंगठा सहज आत जाईल अशा पोकळ बॉबिनवर पाचशे टर्न गुंडाळा. टोके नीट खरवडून सुईच्या मल्टीमीटरला सर्वांत लहान डीसी रेंजवर जोडा. डिजिटल मीटर घेऊ नका, कारण आकडा उमटून स्थिर होईपर्यंत घटना संपलेली असते. बाजारात निओडायमियमचा दंडगोल चुंबक मिळतो. सुमारे १० मिलिमीटर जाडीचा पुरे. कॉइल आणि मीटर यांच्यात हातभर अंतर ठेवा, म्हणजे चुंबक सुईला थेट ओढणार नाही.

प्रत्येक कृती करण्याआधी मुलाने वहीत लिहायचे : सुई हलेल की नाही, आणि हलली तर कोणत्या बाजूला. लिहिल्यानंतरच चुंबक उचलायचा. हा क्रम आपण मोडू देऊ नका. माझ्या अनुभवात समज बदलते ती स्वतःच्या हाताने लिहिलेले चुकते तेव्हा, नुसते पाहिल्याने बदलत नाही. आधी चुंबक झटकन आत घालू द्या. मग तो आतच धरून ठेवायला सांगा आणि दहापर्यंत मोजा. सुई शून्यावर असेल, आणि चुंबक मात्र पूर्ण आत असेल. त्या दहा अंकांत आपण काहीही बोलू नये. त्यानंतर चुंबक बाहेर ओढायचा, मग तीच कृती अगदी सावकाश करायची, मग चुंबक टेबलावर उभा ठेवून कॉइलच त्याच्यावर उतरवायची. शेवटची कृती सर्वांत महत्त्वाची आहे : चुंबक कॉइलच्या मधोमध ठेवून त्याच्या स्वतःच्या आसाभोवती, जसा स्क्रूड्रायव्हर फिरवतो तसा, गरागरा फिरवायचा. बहुतेक मुले इथे ‘सुई हलेल’ असे लिहितात, कारण चुंबक हलतो आहे. सुई हलत नाही. चुंबक फिरला तरी कॉइलमधून जाणारा फ्लक्स तेवढाच राहिला. ‘चुंबक हलला की वीज’ हे अर्धवट वाक्य इथे गळून पडते आणि ‘फ्लक्स बदलला की वीज’ हे पूर्ण वाक्य त्याच्या जागी बसते.

आकडाही करून पाहता येईल. अशा चुंबकाच्या टोकाशी चुंबकीय क्षेत्र सुमारे ०.३ टेस्ला (क्षेत्राच्या जोराचे एकक) धरले आणि टोकाचे क्षेत्रफळ पाऊण चौरस सेंटिमीटर धरले, तर फ्लक्स सुमारे ०.००००२ वेबर (फ्लक्सचे एकक) होतो. पाचशे टर्नमधून तो एक दशांश सेकंदात आत गेला तर सरासरी व्होल्टेज ०.१ व्होल्टच्या आसपास येते. सुईला झटका द्यायला तेवढे पुरते, पण एलईडी त्यावर पेटणार नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवा, म्हणजे तो निराश होणार नाही.

आता सूत्रातल्या वजा चिन्हाकडे येऊ. सूत्र असे : व्होल्टेज = वजा (टर्न × फ्लक्समधला बदल ÷ त्याला लागलेला वेळ). ते नुसते लक्षात ठेवायला सांगणाऱ्या शिक्षकांविषयी मी काही बोलत नाही. अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई मीही सोसली आहे. पण त्या चिन्हातच या धड्याचा सारा अर्थ आहे आणि ते वगळले तर मागे फक्त भागाकार उरतो. १८३४ मध्ये लेन्झ यांनी सांगितलेला नियम असा : उत्पन्न होणारा करंट ज्या बदलामुळे उत्पन्न झाला त्या बदलाला विरोध करतो. उत्तर ध्रुव कॉइलकडे आणला, तर कॉइलची त्या बाजूची कडा उत्तर ध्रुव होऊन त्याला मागे ढकलते. तोच बाहेर ओढला, तर ती कडा दक्षिण ध्रुव होऊन त्याला धरून ठेवू पाहते. समजा, याच्या उलट झाले असते. चुंबकाला जरासा धक्का दिला की कॉइलने त्याला आत खेचले असते, त्याचा वेग वाढला असता, वेग वाढल्यामुळे करंट वाढला असता, करंट वाढल्यामुळे ओढ आणखी वाढली असती, आणि कुणीही काही खर्च न करता वीज निर्माण होत राहिली असती. तसे होत नाही, कारण ऊर्जा फुकट मिळत नाही. हाताने विरोध सोसून जे काम केले, तेच विजेच्या रूपाने कॉइलमध्ये उतरते. जुन्या सायकलचा डायनॅमो टायरला टेकवला की पेडल जड व्हायचे ते आपल्याला आठवत असेल. ते जडपण म्हणजे वजा चिन्ह.

हे हाताला जाणवून द्यायचे असेल, तर एखाद्या एसी मेकॅनिककडून तांब्याच्या पाइपचा मीटरभर सरळ तुकडा मागून घ्या. तो उभा धरून, त्यात सैल बसेल असा निओडायमियम चुंबक वरून सोडा. चुंबक तांब्याला चिकटत नाही, हे आधी मुलाकडूनच तपासून घ्या. मीटरभर उंचीवरून मोकळी पडणारी वस्तू साधारण ०.४५ सेकंदात खाली येते. हा चुंबक पाइपमधून जणू तेलातून उतरावा तसा येतो. चुंबक पाइपच्या आतल्या मापाला जितका जवळचा, तितका जास्त वेळ लागतो. पाइपच्या भिंतीत जागोजागी भोवऱ्यासारखे करंट उत्पन्न होतात आणि त्यांतला प्रत्येक करंट चुंबकाच्या पडण्याला विरोध करतो. वरून डोळा लावून पाहिले तर चुंबक भिंतीला न चिकटता सावकाश खाली जाताना दिसतो. मी हे कितीतरी वर्गांना दाखवले आणि प्रत्येक वेळी मला स्वतःलाही ते पुन्हा पाहावेसे वाटले. कोअर (कॉइलच्या आतला लोखंडी गाभा) अखंड लोखंडाचा न करता वार्निश केलेल्या पातळ पत्र्यांचा का भरतात, तेही इथेच सांगून टाका : हेच भोवऱ्यासारखे करंट कोअरमध्ये फिरून तो तापवू नये म्हणून त्यांची वाट पत्र्यापत्र्याला तोडलेली असते.

यानंतर मुलाच्या मूळ प्रश्नाकडे वळावे, आणि तेही एका पायरीने. आपण मिक्सरचे किंवा ड्रिलचे आर्मेचर, म्हणजे वाइंडिंग असलेला फिरता भाग, तपासताना ते ग्राउलरवर (शॉर्ट शोधायच्या एसी चुंबकावर) ठेवता आणि वरून हॅक्सॉ ब्लेड फिरवता. त्या आर्मेचरला त्या वेळी एकही तार जोडलेली नसते. तरीही जिथे टर्न शॉर्ट असतो त्या स्लॉटवर ब्लेड थरथरते, कारण ग्राउलरच्या कॉइलमध्ये एसी आहे, त्यामुळे आर्मेचरमधला फ्लक्स सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होतो, आणि जिथे वाट बंद झालेली आहे अशा टर्नमध्ये करंट फिरू लागतो. म्हणजे ‘तार न जोडता करंट’ ही गोष्ट आपण वर्षानुवर्षे ब्लेडच्या आवाजावरून ओळखत आला आहात. तो आवाज त्याला ऐकवा. बिघाड झालेल्या आर्मेचरमध्ये जो शॉर्ट आपण शोधतो, तो रोटरमध्ये मुद्दाम केलेला असतो : ॲल्युमिनियमच्या कांड्या दोन्ही टोकांना कड्यांनी जोडून त्यांचा पिंजराच बनवलेला असतो.

मग थ्री फेज, चार पोलची एखादी मोटर घ्या आणि तिच्या नेमप्लेटवरचा वेग त्याला वाचायला सांगा. १४४० किंवा त्याच्या जवळपासचा आकडा असेल. आता त्याला हिशेब करू द्या : ५० हर्ट्झवर चार पोलच्या स्टेटरचे चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते. मधले ६० फेरे कुठे गेले? बेअरिंगच्या घर्षणात गेले, असे तो म्हणेल. पुष्कळ कारागीरही तसेच समजतात. खरे कारण या धड्यात आहे. रोटर जर १५०० नेच फिरू लागला, तर क्षेत्र आणि रोटर बरोबरीने चालतील, कांड्यांना क्षेत्रात कोणताही बदल दिसणार नाही, बदल नाही म्हणून करंट नाही, करंट नाही म्हणून फिरवणारा जोर नाही, आणि रोटर आपोआप मागे पडेल. मागे पडला की बदल पुन्हा सुरू होतो. लेन्झच्या नियमानुसार रोटर त्या बदलाला विरोध करतो, आणि विरोध करण्याचा एकच मार्ग त्याच्याजवळ आहे, तो म्हणजे क्षेत्राच्या मागे धावून फरक कमी करणे. तो आयुष्यभर क्षेत्राला गाठायला धावतो, आणि गाठत नाही म्हणूनच फिरत राहतो.

बडोद्याच्या मुलाला हे गरब्यावरून पटकन कळेल. मैदानात एकात एक रिंगणे फिरत असतात. आपण आतल्या रिंगणात आहोत आणि बाहेरच्या रिंगणातल्या माणसाच्या बरोबरीने पावले टाकतो आहोत, तर पूर्ण फेरीभर शेजारी तोच एक चेहरा राहतो. पाऊल जरा मागे पडले की नवे नवे चेहरे बाजूने सरकू लागतात. रोटरच्या कांडीला ‘नवे चेहरे’ दिसले तरच तिच्यात करंट येतो. ही उपमा एवढ्यापुरतीच आहे. स्टेटरमध्ये प्रत्यक्ष कोणी फिरत नसते, तीन फेजच्या कॉइल एकामागून एक वाढत-घटत असतात आणि त्यांची बेरीज फिरती होते, हे त्याला सांगायला विसरू नका.

पंपावर भार वाढला की रोटर किंचित आणखी मागे पडतो, फरक वाढतो, करंट वाढतो आणि वाढलेला भार पेलण्याइतका जोर तयार होतो. बेअरिंग जाम होऊन रोटर अडकला, तर फरक पूर्ण १५०० चा राहतो, मोटर नेहमीच्या पाच-सात पट करंट खेचते, आणि मग ती आपल्याकडे जळून येते. काळे पडलेले वाइंडिंग त्याच्या हातात द्या.

अजून एक गोष्ट, जिच्याविषयी मला सर्वांत जास्त बोलावेसे वाटते. ट्रान्सफॉर्मर भरताना ‘एका व्होल्टला किती टर्न’ हा हिशेब आपण कोअरच्या मापावरून करता. ४५ ला कोअरच्या चौरस सेंटिमीटरने भागायचे, किंवा त्याच्या जवळपासचा एखादा आकडा उस्तादांनी आपल्याला दिलेला असेल. तो आकडा म्हणजे फॅरेडेचा नियम आहे, आणि आपला मुलगा तो बारावीच्या पुस्तकातून स्वतः काढू शकतो. समजा, कोअरच्या मधल्या पायाचे क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटर आहे आणि लोखंडात क्षेत्र जास्तीत जास्त १ टेस्ला जाऊ द्यायचे आहे. तेव्हा सर्वाधिक फ्लक्स ०.००१ वेबर झाला. ५० हर्ट्झमध्ये अर्धी सायकल एक शतांश सेकंदाची असते, आणि तेवढ्यात फ्लक्स एका दिशेच्या टोकापासून दुसऱ्या दिशेच्या टोकापर्यंत, म्हणजे एकूण ०.००२ वेबर इतका बदलतो. ०.००२ ला ०.०१ ने भागले की एका टर्नमागे सरासरी ०.२ व्होल्ट मिळतात. आपला मीटर सरासरी न दाखवता आरएमएस, म्हणजे एसीची परिणामी किंमत, दाखवतो, म्हणून साइन वेव्हसाठी १.११ ने गुणायचे, ०.२२२ व्होल्ट झाले. म्हणजे एका व्होल्टला साडेचार टर्न, आणि २३० व्होल्टला सुमारे १०३५ टर्न. ४५ ला १० ने भागले तरी साडेचारच येतात.

हा हिशेब त्याने स्वतः वहीत केला आणि शेवटी आपल्या उस्तादांचा आकडा त्याच्या पेनातून उतरला, तर त्या दिवशी त्याला पुस्तक आणि दुकान ही एकाच गोष्टीची दोन नावे वाटतील. त्याच बैठकीत विचारा की या १०३५ टर्नना २३० व्होल्टचा डीसी दिला तर काय होईल. प्रत्यक्ष द्यायचा नाही, फक्त विचारायचे. एसीवर ट्रान्सफॉर्मर रिकामा असताना फार थोडा करंट घेतो, कारण त्याचेच उलट व्होल्टेज लाइनला अडवून धरते. डीसीवर फ्लक्स स्थिर होतो, अडवणारे काही उरत नाही, आणि तारेच्या थोड्याशा रोधावर सगळा भार येऊन ती जळते.

भाषेविषयीही लिहायला हवे. त्याच्या पुस्तकात ‘प्रेरण’ आहे, मराठी पुस्तकांत ‘प्रवर्तन’ आहे, दुकानात ‘इंडक्शन’ आहे, आणि ‘फ्लक्स’ला मराठीत ‘अभिवाह’ म्हणतात. घरात मराठी, शाळेत गुजराती आणि पार्ट्सच्या पाकिटांवर इंग्रजी, अशा आपल्याकडच्या मुलांना वाटते की प्रत्येक शब्दामागे वेगळी गोष्ट आहे. त्याने प्रयोगाचे वर्णन आधी आपल्याला घरच्या मराठीत सांगावे, एकही पारिभाषिक शब्द न वापरता, आणि मग तेच गुजरातीत उत्तर म्हणून लिहावे. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी याच शहरात कलाभवन सुरू केले ते हुन्नर आणि शास्त्र एका छताखाली शिकवण्यासाठी. त्याच जागी आज विद्यापीठाची तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी विद्याशाखा आहे. पुढच्या वर्षी तो तिथे जाईल किंवा जाणार नाही, पण दोन्ही गोष्टी एकत्र शिकणे या गावाला नवे नाही.

परीक्षेतल्या दिशेच्या प्रश्नांसाठी त्याला एक शिस्त लावून द्या. उत्तराला हात घालण्याआधी त्याने तीन वाक्ये लिहावीत : कॉइलमधून फ्लक्स कोणत्या दिशेने जातो आहे, तो वाढतो आहे की घटतो आहे, आणि म्हणून कॉइलला स्वतःचा फ्लक्स कोणत्या दिशेने तयार करावा लागेल. यानंतरच उजव्या हाताचा अंगठा त्या शेवटच्या दिशेला धरून बोटांवरून करंटची दिशा घ्यावी. मुले थेट अंगठ्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच अंदाज सुरू होतो. महिनाभरात अशी तीसेक उदाहरणे झाली की दिशा चुकणे थांबते. तेवढे करूनही चाचणीत फरक पडला नाही, तरच क्लासचा विचार करा, आणि तोही सगळ्या विषयांचा न करता गणिताच्या सरावापुरता.

आपल्या दोघांत जे घडले त्याविषयी थोडेसे. मुलगा उठून गेला तो रागाने गेला असे मला वाटत नाही. या एका गोष्टीत तरी बाबांना सगळे माहीत असेल, अशा भरवशाने त्याने विचारले होते. त्याच्याजवळ जाऊन सरळ सांगा की करंट येतो हे मला बावीस वर्षे माहीत आहे, का येतो हे माहीत नाही, आणि ते तू मला शिकव. मुलाला असे सांगणे बापाला जड जाते, हे मी जाणतो. पण ज्याला दुसऱ्याला समजावून सांगायचे असते तोच धडा खरा वाचतो, आणि खोटी मान न डोलावणारा, ‘हे मला नाही पटले’ म्हणणारा आपल्यासारखा श्रोता त्याला क्लासमध्ये मिळणार नाही. त्याचे चुकले तर लगेच दुरुस्त करू नका; चुंबक आणि मीटर पुन्हा हातात द्या.

सावधगिरी म्हणून इतकेच की निओडायमियमचे दोन चुंबक एकमेकांवर आदळले तर बोट चेमटते, आणि घरात कोणाला पेसमेकर बसवलेला असेल तर ते त्या व्यक्तीजवळ नेऊ नयेत. ग्राउलर आणि २३० व्होल्टची कोणतीही जोडणी आपणच करावी. मुलाने लिहावे आणि पाहावे.

जुन्या स्टॅबिलायझरचा एखादा ट्रान्सफॉर्मर उघडाल तेव्हा मधल्या पायाचे माप घेऊन त्याचे टर्न मुलाकडून आधी काढून घ्या आणि मगच तार उलगडून मोजा. आकडा थोडा कमी-जास्त येईल, कारण पत्र्यांच्या थप्पीत वार्निशची जागा जाते आणि चांगल्या पत्र्याला १ टेस्लाहून जास्त क्षेत्र चालते. किती फरक आला, आणि मुलाने त्याचे काय कारण सांगितले, ते मला जरूर कळवा.